सोनेगावची मध्यरात्र आणि मुठीत मावणारे इंजिन

१/
३० जानेवारी १९४९. महात्मा गांधींच्या हत्येला त्या दिवशी एक वर्ष पूर्ण झाले होते. त्याच तारखेला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एक नवे वेळापत्रक सुरू झाले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांकडून टपालाच्या थैल्या घेऊन निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास येथे उतरत, थैल्यांची अदलाबदल करत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परतत. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. देशाच्या मध्यभागी असण्याचा नागपूरला असा रोकडा उपयोग क्वचितच झाला असेल.

२/
सेवेच्या आरंभीची ती विमाने डाकोटा जातीची. प्रत्येकाला दोन इंजिने, प्रत्येक इंजिनाला ताऱ्याच्या आकारात मांडलेले १४ सिलिंडर आणि एकूण क्षमता सुमारे ३० लिटर. असे इंजिन काही तास उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. तशात एकदम स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती. म्हणून इग्निशन बंद ठेवून प्रोपेलरची पाती हाताने ओढत इंजिनाला आधी काही सावकाश फेरे देण्याची रीत होती. बाराशे अश्वशक्तीचे यंत्र जागे करण्याची पहिली पायरी म्हणजे हाताने घेतलेली चाहूल.

३/
हा धागा मात्र टपालसेवेवर नाही. डाकोटाच्या त्या इंजिनापेक्षा सुमारे पाच हजारपट लहान, पाच-सहा घनसेंटिमीटरच्या आणि मुठीत मावणाऱ्या इंजिनावर आहे. नागपूरच्या कित्येक विद्यार्थ्यांनी आयुष्यात प्रथम ऐकलेले 'विमानाचे इंजिन' हेच असते. एनसीसीच्या २ महाराष्ट्र एअर स्क्वॉड्रनचे कॅडेट ते चालवायला शिकतात, आणि अलीकडच्या वर्षांत मानकापूरच्या क्रीडा संकुलात झालेल्या एअरोमॉडेलिंगच्या प्रात्यक्षिकांना शाळाच्या शाळा लोटल्या आहेत. पाहणाऱ्यांचे डोळे आकाशाकडे असतात. मला आज जमिनीवरच्या पहिल्या पाच मिनिटांविषयी लिहायचे आहे, कारण बोटे जातात ती तेथेच.

४/
थोडी पार्श्वभूमी. एनसीसीचा कायदा १९४८ चा. हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता येथील एकेका स्क्वॉड्रनने सुरू झाली. प्रत्येक कॅडेटला खऱ्या विमानात बसवणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. प्रतिकृती-विमान मात्र परवडते आणि त्यावर वायुगतीचे बहुतेक धडे गिरवता येतात. त्यासाठी सोयीचा प्रकार 'कंट्रोल लाइन'. दोन बारीक पोलादी तारा, हातात मूठ, मध्यभागी उभा उडवणारा आणि त्याच्याभोवती वर्तुळात फिरणारे विमान. अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत लोकप्रिय केली. तिच्या साध्या विमानात थ्रॉटल नसते. इंजिन जमिनीवर जसे लावून दिले तसेच ते टाकी रिकामी होईपर्यंत चालते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

५/
आता त्या इंजिनाच्या काळजाकडे. १८१७ साली हम्फ्री डेव्ही खाणीतील दिव्यांवर प्रयोग करत असताना त्यांना दिसले, की तापवलेली प्लॅटिनमची तार ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली तर ज्योत नसतानाही ती लालबुंद राहते. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर वायूचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निघणारी उष्णता तारेला विझू देत नाही. सहा वर्षांनी, १८२३ मध्ये, जर्मनीत डोबरायनर यांनी याच गुणावर हायड्रोजनचा एक 'लायटर' बनवला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ विमानाच्या खेळाशी या शोधाचा काही संबंध आला नाही.

६/
१९३० च्या दशकातील प्रतिकृती-इंजिने स्पार्क प्लगवर चालत. ब्राउन ज्युनिअर हे त्यांतले गाजलेले नाव. स्पार्क म्हटला की कॉइल, कंडेन्सर, बॅटरी आणि ब्रेकर-पॉइंट्स आले, आणि हे सारे ओझे त्या चिमुकल्या विमानानेच वाहायचे. १९४७ मध्ये अमेरिकेच्या रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. दिसायला स्पार्क प्लगच, पण आत ठिणगीच्या फटीऐवजी प्लॅटिनमच्या मिश्रधातूची इवलीशी गुंडाळी. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ती तापवायची, इंजिन सुरू झाले की सेल काढून घ्यायचा. दाबली गेलेली गरम हवा, प्रत्येक स्फोटाची धग आणि मिथेनॉलच्या वाफेशी प्लॅटिनमची चाललेली क्रिया या तिघींच्या जोरावर तार पुढे तप्त राहते. डेव्हींनी दिव्यात पाहिले तेच येथे मिनिटाला दहा हजार वेळा घडते. विमानावरचे ओझे एका रात्रीत उतरले.

७/
युरोपात मात्र बराच काळ ईथर-केरोसीनवर चालणारी, केवळ दाबाने पेटणारी लहान 'डिझेल' इंजिने प्रिय होती. आपल्याकडेही कलकत्त्यात बनणाऱ्या 'ऑरोरा' इंजिनांचा मोठा आधार होता, कारण आयात परवान्यांच्या काळात परदेशी इंजिन मिळवणे हे एक दिव्यच असे. तो विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र धागा लिहीन.

८/
ग्लो प्लगने ओझे उतरवले, पण एक गोष्टही काढून घेतली: स्विच. आपल्या फ्लाइंग क्लबांतील टायगर मॉथ विमानाचा प्रोपेलर हाताने फिरवून सुरू करत. फिरवणारा 'स्विचेस ऑफ' म्हणे, वैमानिक तेच शब्द परत उच्चारी, मग पेट्रोल ओढून घेतले जाई आणि शेवटी 'कॉन्टॅक्ट'. शब्दाला शब्द जुळल्याशिवाय पात्याला हात नाही. त्या आरोळीचा आधार एक खराखुरा स्विच होता. ग्लो इंजिनात तो नाही. सेल काढला म्हणून चालू इंजिन थांबत नाही, आणि नुकत्याच थांबलेल्या गरम इंजिनात इंधन उरले असेल तर सेल जोडलेला नसतानाही ते झटका देऊ शकते. तेव्हा पहिला नियम हा, की प्रोपेलर नेहमी जिवंत समजावा.

९/
तो किती जिवंत असतो, याचे गणित करून पाहू. १० इंची प्रोपेलर, मिनिटाला १२,००० फेरे. पात्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे ८० सेंटिमीटर जाते, सेकंदाला २०० फेरे, म्हणजे सेकंदाला १६० मीटर. ताशी ५७५ किलोमीटरच्या आसपास! वर ते फिरताना दिसतही नाही, केवळ एक धूसर तबकडी दिसते. या तबकडीच्या पातळीत, म्हणजे बाजूला, कोणीही उभे राहू नये. पाते तुटले तर तुकडा त्याच पातळीत उडतो. बारीकशी चीर गेलेले पाते चिकटवून वापरण्याचा मोह होतो. ते तोडून टाकावे, म्हणजे दुसराही कोणी वापरणार नाही.

१०/
इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडे अधिक तेल, आणि जमल्यास थोडे नायट्रोमिथेन. तेल पारंपरिकरीत्या एरंडेलच. आजीच्या कपाटातले एरंडेल विमानात कसे पोचले, याचीही एक कथा आहे. पहिल्या महायुद्धातील अनेक लढाऊ विमानांची रोटरी इंजिने एरंडेलावर चालत, कारण इतर तेलांसारखे ते पेट्रोलने सहज धुपत नसे आणि प्रचंड उष्णतेतही धातूवरचा थर सोडत नसे. हरदित सिंग मलिक हे भारतीय वैमानिक १९१७ मध्ये ज्या सॉपविथ कॅमलमधून लढले, ते याच कुळातले. ही इंजिने न जळलेले तेल बाहेर फेकत, ते वैमानिकाच्या नाकातोंडात जाई आणि पुढचा परिणाम आपल्याकडच्या कोणत्याही मुलाला सांगायची गरज नाही. एरंडाची मागणी इतकी वाढली, की अमेरिकेने आशियातून बी मागवून सुमारे १ लाख एकरांवर एरंड पेरण्याचा घाट घातला.

११/
मिथेनॉलमध्ये खनिज तेल विरघळत नाही, एरंडेल विरघळते. म्हणून मोठ्या विमानांनी टाकलेले एरंडेल लहान विमानांनी उचलले. मैदानावर येणारा तो गोडसर, जळकट वास त्याचाच. एकदा तो डोक्यात बसला की जात नाही.

१२/
पण मिथेनॉलचा दुसरा इतिहास काळा आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, ते याच द्रव्याने. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाते, अधिक गेले तर प्राण. म्हणून नळीने इंधन तोंडाने ओढणे कदापि नाही. हातावर सांडले तर लगेच धुवावे, डबा पाण्याच्या बाटलीसारखा दिसणारा नसावा आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव असावे. दुसरा धोका असा, की मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. विमान पेटले आहे हे हाताला आधी कळते, डोळ्यांना नंतर. डबा झाकण लावून दूर सावलीत ठेवावा आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे.

१३/
आता प्रत्यक्ष कृती. गणवेशाची दोरी, ओढणी, सैल बाही, गळ्यातले ओळखपत्र, सारे आत किंवा काढून. डोळ्यांवर चष्मा. एकाने विमान मागून घट्ट धरायचे, दुसऱ्याने सुरू करायचे, तिसऱ्याने प्रेक्षकांना मागे ठेवायचे. वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधीच पाहायचे, कारण कंट्रोल लाइनची पोलादी तार त्यांना लागली तर मूठ धरणारा वाचत नाही. ही यादी रटाळ वाटते, मलाही वाटली होती.

१४/
नीडल व्हॉल्व्ह म्हणजे इंधनाच्या वाटेतील सुई. ती उजवीकडे फिरवली की वाट आवळते, डावीकडे फिरवली की उघडते. आधी ती हलकेच पूर्ण बंद करून मग इंजिनासोबतच्या कागदात सांगितले असेल तितकी, बहुधा दोन ते तीन फेरे, उघडायची. हवेच्या तोंडावर बोट ठेवून प्रोपेलर हाताने दोन-तीनदा फिरवला की नळीतून इंधन वर चढताना दिसते. बजाज चेतक किक मारण्यापूर्वी तिरकी करणारी पिढी घरोघरी आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. पेट्रोल वर येऊ द्यायचे, मग किक. या सर्व वेळी सेल जोडलेला नाही.

१५/
येथे डाकोटाची आठवण ठेवा. सेल जोडण्यापूर्वी प्रोपेलर एक-दोन फेरे अगदी सावकाश फिरवून पाहायचा. दाब लागेल तेथे हाताला उसळी जाणवली तर ठीक. एखाद्या ठिकाणी दगड लागल्यासारखा अडला तर सिलिंडरमध्ये इंधन साचले आहे, म्हणजे इंजिन 'फ्लड' झाले. जोर लावायचा नाही. प्लग काढायचा, विमान उलटे करायचे, प्रोपेलर फिरवून इंधन बाहेर टाकायचे. विजेचा स्टार्टर असेल तर ही तपासणी अधिकच निकडीची, कारण स्टार्टरला हातासारखी जाण नसते, तो रॉड वाकवूनच थांबतो. ३० लिटरला जो न्याय, तोच पाच घनसेंटिमीटरला.

१६/
मग सेल जोडायचा. दीड व्होल्टचाच, त्याहून अधिक दाबाने गुंडाळी क्षणात जळते. त्याची वायर पात्यांच्या वाटेत नको. समोरून पाहता प्रोपेलर डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरतो, तशाच दिशेने झटका द्यायचा. दाब सुरू होतो तेव्हा पाते आडव्यापेक्षा किंचित वर असेल अशा बेताने प्रोपेलर आवळलेला असावा. झटका बोटाने नाही. रबर चढवलेली लाकडी काठी (तिला जगभर 'चिकन स्टिक' म्हणतात आणि नावातच भित्रेपणाची थट्टा आहे) किंवा निदान जाड चामडी हातमोजा. इंजिन कधी कधी उलट दिशेने झटका देते, तेव्हा मागे घ्यायला वेळ मिळत नाही. चिकन स्टिकवर हसणाऱ्यांची बोटे जरा मोजून पाहावीत, असे माझे मत आहे.

१७/
सुरू झाले की सर्वांत मोठा मोह होतो, समोरूनच हात पुढे करून सेल काढण्याचा. नाही. बाजूच्या पातळीत क्षणभरही न रेंगाळता, मोठा वळसा घालून विमानाच्या मागे जायचे, मागून सेल काढायचा आणि मागूनच सुई फिरवायची. माझ्या उजव्या तर्जनीवर नखाखाली आडवा वण आहे, तो मी एकदा वळसा न घेतल्याचा. शिबिराची सकाळ, मागे रांग लागलेली, घाई माझीच. शिकवणाऱ्यांनी तीनदा सांगितले होते. जखमेला टाके पडले आणि पुढचे दोन महिने मी टिपणे डाव्या हाताने काढली.

१८/
आता इंजिन 'लावणे'. येथे कान हेच मुख्य साधन. स्पार्क नसल्यामुळे प्रज्वलनाची वेळ ठरवणारा खटका नाही. ती वेळ प्लगची धग, सिलिंडरातला दाब आणि मिश्रण मिळून आपोआप ठरते. तुमच्या हाती उरते एकच सुई. इंधन जास्त, म्हणजे मिश्रण 'रिच' असेल तर धूर दाट येतो आणि आवाज जाडाभरडा, अडखळता असतो, कारण इंजिन एक फेरा सोडून पेटते. सुई थोडी थोडी, एका वेळी घड्याळातल्या एक-दोन तासांएवढी आवळत गेले की तो अडखळता आवाज अचानक जुळतो आणि एकसंध, चढा होतो. आणखी आवळले की क्षणभर तो फारच सुरेल वाटतो, मग खाली येतो आणि इंजिन बंद पडते. ते 'लीन'. तेल इंधनातूनच येते, त्यामुळे इंधन कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन सुकतो, तापतो, ओरखडे पडतात. सर्वांत गोड आवाजावर सोडून देणे ही नवख्यांची ठरलेली चूक.

१९/
कारण हवेत प्रोपेलरवरचा भार हलका होतो, फेरे वाढतात आणि मिश्रण आणखी लीन होते. नाक वर केले की टाकीतून इंधन चढायला त्रास होतो, पुन्हा लीन. आणि थ्रॉटल नाही, हे आपण आधीच पाहिले. म्हणून जमिनीवर सर्वोच्च वेग गाठून तेथून सुई पुन्हा थोडी उघडायची, आवाजात पुसटशी जाडी येईपर्यंत. खात्रीसाठी मागे उभे राहून इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरायची. फेरे किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाले तर सुई योग्य आहे. इंजिन तत्काळ दम तोडू लागले तर ते आधीच लीन होते. विमान नाक वर करून धरले तरी आवाज टिकला पाहिजे, आणि ते धरताना चेहरा तबकडीच्या पातळीत येणार नाही याची काळजी.

२०/
एका जागी शिकलेला आकडा दुसरीकडे चालत नाही, हे नागपूरइतके उत्तम कोठे कळणार? डिसेंबरची १० अंशांची पहाट आणि मेमधील ४५ अंशांची दुपार यांत हवेच्या घनतेचा फरक सुमारे ११ टक्के पडतो. उन्हाळ्यात त्याच जागेत प्राणवायू कमी, म्हणून डिसेंबरची सुई मेमध्ये रिच ठरते, थोडी आवळावी लागते. हिवाळ्यात उलट. शिवाय थंडीत मिथेनॉलची वाफ होईना होते, तेव्हा इंधन दोन फेरे अधिक ओढून घ्यावे लागते. नवे इंजिन मात्र कोणत्याही ऋतूत प्रथम रिचवरच, थोडा थोडा वेळ, मध्ये थंड होऊ देत चालवावे. पावसाळ्याचे दुखणे निराळे. मिथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, अर्धा उघडा राहिलेला डबा पुढच्या आठवड्यात इंजिनाला रडवतो.

२१/
थोडे विषयांतर, पण इतिहासाचे. शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ ची चौपाटी यांवर आपल्याकडे जितकी शाई सांडली, तिच्या शतांशाने तरी या साध्या, सिद्ध, रोजच्या कौशल्यांवर सांडली असती तर बरे झाले असते. 'वैमानिकशास्त्र' बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये तपासले आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत असा निर्वाळा दिला, तरी चर्चा तेथेच घोटाळते. राजवाड्यांच्या परंपरेत आपण साधनांना फार मान देतो. मग इंजिनाच्या खोक्यातून निघणारा तो तेलकट, चौघडी कागद अस्सल साधन का मानू नये? विमान उडाले याची नोंद कोठेतरी होते. ते सुरू कसे केले, बोट कोठे ठेवले, कान कशाकडे लावला, याची नोंद होत नाही. आता विजेच्या मोटारी आल्या आहेत, त्यांना सुई नाही आणि वासही नाही. (त्यांचा प्रोपेलरही बोट तितक्याच तत्परतेने कापतो, हे जाता जाता.) ज्यांच्या हाताला ही उसळी ठाऊक आहे त्यांच्याशी तुमच्या गावात बोलून घ्या, ध्वनिमुद्रण करा.

२२/
थांबवण्याचेही सांगायला हवे. जमिनीवर इंजिन बंद करायचे तर मागून नळी चिमटायची किंवा सुई पूर्ण आवळायची. प्रोपेलरवर फडके फेकणारे वीर पाहिले आहेत, त्यांच्याजवळ उभे राहू नका. उड्डाणात मात्र इंजिन स्वतःच थांबते. टाकीतले शेवटचे थेंब संपताना आवाज अचानक चढतो, लीनचा तोच सूर, आणि मग शांतता. उडवणारा दोन पावले मागे सरकून तारा ताणून धरतो आणि विमान केवळ वाऱ्यावर अर्धा फेरा घेत खाली येते.

२३/
त्यानंतर घरी जाण्याची घाई सर्वांनाच असते. तरी सेल जोडून, तीच काठी वापरून उरलेसुरले इंधन जाळून टाकायचे, कारण त्यातली ओल रात्रभरात बेअरिंग गंजवते. मग सेल काढायचा, इंजिन निवू द्यायचे, हवेच्या तोंडातून हलक्या तेलाचे चार थेंब सोडायचे आणि प्रोपेलर हाताने सावकाश फिरवायचा. दाब लागेल तेथे हाताला उसळी जाणवते.